गुणाकार आणि संख्यारेषेवरच्या उड्या : मुलं नेमकी कुठे अडखळतात?

चौकटीची वही (धागाकर्ती)

पाढे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला "चार त्रिक बारा म्हणजे काय, ते दाखव" म्हटलं की गाडी अडते. म्हणून संख्यारेषा आणि उड्या. पुस्तकातल्या चित्रात सगळं सोपं दिसतं : शून्यावरून निघा, चार-चारच्या तीन उड्या मारा, बारावर या. वहीत मात्र उत्तरं १३ येतात, ९ येतात, ८ येतात, आणि "चुकलं, परत कर" म्हणून पुसली जातात.

वय सात ते नऊ धरून लिहा. रेघ कशी आखायची, मापं काय ठेवायची, चुका कशामुळे होतात, रेघ कधी सोडायची. "खेळातून शिक्षण किती छान" छापाचे प्रतिसाद नकोत, कृपया.

शून्यापासून

चुकलेलं उत्तर पुसायच्या आधी वाचावं. ४ × ३ घ्या, म्हणजे ४ ची उडी, ३ वेळा.

१३ आलं तर मूल १ वरून निघालंय. मोजणी एकपासून सुरू करायची सवय असते, त्यामुळे शून्य ही उभं राहायची जागा आहे हे त्याला पटलेलं नसतं.

९ आलं तर उडी मारताना ते ज्या खुणेवर उभं आहे तिलाच "एक" म्हणतंय. शून्यावर "एक", १ वर "दोन", २ वर "तीन", ३ वर "चार". प्रत्येक उडी एका घराने (घर म्हणजे दोन शेजारच्या खुणांमधलं अंतर) तोकडी पडते, म्हणून ३, ६, ९. या दोन्ही चुका एकत्र झाल्या की १०.

८ आलं तर उड्यांची लांबी बरोबर आहे, पण शून्यावर उभं असतानाच "पहिली उडी" मोजून झाली. १६ आलं तर उलट : शून्यावरून चारवर येणं हे मुलाने धरलंच नाही, चारवरून पुढे तीन उड्या मारल्या. ७ आलं तर सरळ बेरीज केली आहे, रेघेकडे पाहिलंच नाही.

थोडक्यात, एकाचा फरक असेल तर निघण्याची जागा तपासा. उड्यांच्या संख्येइतकं कमी असेल तर प्रत्येक उडी तोकडी आहे. उडीच्या लांबीइतका फरक असेल तर एक उडी सुटली आहे किंवा जास्तीची झाली आहे.

आणि तपासायला उदाहरण जपून निवडा. ३ × ३ मध्ये तोकड्या उड्यांनीही ६ येतं आणि एक उडी सुटली तरी ६ च येतं. ३ × ४ मध्ये दोन चुका एकत्र झाल्या तर ९, आणि एक उडी सुटली तरी ९. ४ × ३, ५ × ३, ५ × ४ यांत मात्र वरच्या प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं. उडीची लांबी उड्यांच्या संख्येपेक्षा मोठी ठेवली की निदान बरंच सोपं होतं. २ × २ तर तपासायला घेऊच नये, बेरीज केली तरी ४ च.

रेघोट्या

शून्यापासून यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. त्यात एक भर : ९ वाली चूक येते कुठून? मूल तोवर वस्तू मोजत आलेलं असतं. मणी, पेन्सिली, बोटं. रेघेवर मात्र खुणा मोजायच्या नसतात, दोन खुणांमधली अंतरं मोजायची असतात. चार अंतरांना पाच खुणा लागतात. हा बदल कुणी सांगत नाही, मूल खुणाच मोजत राहतं.

उपाय मण्यांच्या माळेचा. वीस मणी, पाच एका रंगाचे, पुढचे पाच दुसऱ्या रंगाचे, असे आलटून-पालटून. दोरा मण्यांच्या लांबीपेक्षा दोन-तीन बोटं जास्त ठेवा, म्हणजे मणी सरकवून फट पाडता येते. चार मणी मोजून चौथ्यानंतरच्या फटीत कपड्यांचा चिमटा लावायचा. पुन्हा चार, पुन्हा चिमटा. मग ही माळ टेबलावर ताणून ठेवायची, खाली कागद धरायचा, आणि प्रत्येक चिमट्याच्या खाली रेघ मारून ४, ८, १२ लिहायचं. "४" हा चौथा मणी नाही, चार मणी संपतात ती हद्द आहे, हे इथे दिसतं. शून्य कुठे लिहायचं, तर पहिल्या मण्याच्या आधी. मुलं ते स्वतःच दाखवतात.

माळेवरून रेघेवर यायला दोन-तीन तासिका दिल्या तर पुढचा बराच त्रास वाचतो.

पाढेवाली

रेघ आखण्याबद्दल. चौकटीच्या वहीत एक छुपा सापळा असतो. मुलांना "एका चौकटीत एक अंक" अशी सवय लावलेली असते, त्यामुळे संख्यारेषा आखली तरी ती आकडे खुणेखाली न लिहिता दोन खुणांच्या मधल्या चौकटीत लिहितात. मग ४ नेमका कुठे आहे? चौकटीच्या डाव्या रेघेवर की उजव्या? तिथून १३ आणि ९ दोन्ही निघतात.

तोडगा : एका घराला दोन चौकटी घ्या. मग आकडा उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरून नीट तिच्याखाली बसतो, आणि १० नंतरचे दोन अंकी आकडेही एकमेकांना चिकटत नाहीत. कोरा कागद असेल तर घर १ सेंटिमीटरचं. ए-४ कागद आडवा धरला तर २९.७ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे समास सोडूनही ० ते २४ आरामात बसतं. दर पाचवी खूण लांब ठेवा. उड्यांच्या कमानी रेघेच्या वर, आकडे रेघेच्या खाली. दोन्ही एकाच बाजूला कोंबले की चिखल होतो.

कमानीत काय लिहायचं हा खरा प्रश्न. मुलाला एकाच वेळी दोन मोजण्या सांभाळायच्या असतात : आपण कुठे पोहोचलो (४, ८, १२) आणि कितवी उडी (१, २, ३). या दोन्ही एकमेकांत मिसळल्या की मूल "एक, दोन, तीन, चार... पाच" करत भलतीकडे जातं. म्हणून उडीचा क्रमांक कमानीच्या माथ्यावर, गोलात. पोहोचलेला आकडा खाली, अधोरेखित. "+४" असं प्रत्येक कमानीवर लिहायला लावणारे असतात, मी ते पहिल्या एक-दोन दिवसांपुरतंच ठेवेन. नाहीतर एका कमानीभोवती तीन आकडे जमतात.

तिरपी रेघ

जमिनीवर खडूने आखून प्रत्यक्ष उड्या मारायला लावण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून?

पाढेवाली

@तिरपी रेघ, करता येतं, पण माप चुकलं तर फज्जा. ३० सेंटिमीटरचं घर घेतलं तर ५ ची उडी दीड मीटर होते. सात वर्षांचं मूल तितकं उडत नाही, मध्येच पाय टेकतं आणि मोजणी बिघडते. २० सेंटिमीटरचं घर घ्या, ० ते २४ ला ४ मीटर ८० सेंटिमीटर लागतात. उडीची लांबी २, ३, ४ इतकीच. पाच आणि त्यापुढचं कागदावर.

दुसरं, या वयात पाऊलच जवळपास घराएवढं असतं. पाऊल दोन खुणा झाकतं आणि मूल नेमकं कुठे उभं आहे यावर वाद होतो. आधीच ठरवा : पायाची बोटं खुणेला टेकलेली हवीत.

तिघांचा गट करा. एक उडी मारतो, दुसरा मोठ्याने "पहिली, दुसरी, तिसरी" म्हणतो, तिसरा पोहोचलेला आकडा लिहितो. वर म्हटलेल्या दोन मोजण्या अशा दोन तोंडांत वाटल्या जातात. "एक, दोन" ऐवजी "पहिली, दुसरी" म्हणवून घेण्याचं कारणही तेच. नंतर भूमिका बदला.

गुण्यगुणक

एक मूलभूत घोळ राहिला. ३ × ५ म्हणजे तीनच्या पाच उड्या की पाचच्या तीन?

आपला पाढा काय म्हणतो? "तीन पाचे पंधरा" तीनच्या पाढ्यात येतं. म्हणजे तीन हा आकडा पाच वेळा. आधी गुण्य, मग गुणक. आधी उडीची लांबी, मग उड्या किती. इंग्रजीतून आलेल्या बऱ्याच कृतिपत्रिका आणि व्हिडिओ याच्या उलट चालतात. तिथे ३ × ५ "तीन वेळा पाच" असं वाचतात, म्हणजे पाचच्या तीन उड्या. मूल सकाळी पाढा एका दिशेने म्हणतं आणि दुपारी कृतिपत्रिका दुसऱ्या दिशेने सोडवतं. उत्तर १५ च येतं, त्यामुळे गोंधळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझं मत : मराठीत शिकवत असाल तर पाढ्याचा क्रम धरा. पाढा म्हणत-म्हणतच उड्या मारता येतात, हा केवढा फायदा आहे! "तीन एके तीन" ला पहिली कमान, "तीन दुणे सहा" ला दुसरी, "तीन त्रिक नऊ" ला तिसरी. एके, दुणे, त्रिक, चोक हे शब्द म्हणजे उड्यांचे क्रमांकच आहेत. पाठांतरात ते नुसते ताल म्हणून येतात, रेघेवर त्यांना अर्थ मिळतो.

तिरपी रेघ

पण ३ × ५ आणि ५ × ३ सारखंच असेल तर इतका काथ्याकूट कशाला? उलट क्रमाने सोडवलं म्हणून गुण कापणारे बघितले की डोकं फिरतं.

गुण्यगुणक

गुण कापू नयेतच, त्यावर दुमत नाही. शिकवताना एक क्रम ठेवा, तपासताना दोन्ही चालवून घ्या.

पण शाब्दिक उदाहरणात कोणता आकडा उडीचा आणि कोणता मोजणीचा हे कळावं लागतं. "४ डब्यांत प्रत्येकी ६ पेन्सिली, एकूण किती?" यात उडी ६ ची, उड्या ४. मुलं आकडे दिसतील त्या क्रमाने उचलतात आणि चारच्या सहा उड्या मारतात. उत्तर २४ बरोबर, पण चारची उडी म्हणजे चार काय? डबे? सहा डबे-उड्या मारून पेन्सिली कशा मिळाल्या? म्हणून एकच प्रश्न विचारायचा : "उत्तर कशात येणार?" पेन्सिलींत. मग रेघेवर पेन्सिली आहेत, आणि उडीही पेन्सिलींचीच. डबे म्हणजे कमानी. भागाकाराला गेलं की हा भेद फार कामाला येतो.

रेघोट्या

३ × ५ आणि ५ × ३ सारखं *का*, हे मात्र रेघ सांगत नाही. रेघेच्या वर तीनच्या पाच कमानी आणि खाली पाचच्या तीन कमानी काढल्या तर दोन्ही १५ वर भेटतात, एवढंच दिसतं. हा योगायोग वाटतो. त्यासाठी ठिपक्यांची आयताकृती मांडणी हवी : ५ ठिपक्यांच्या ३ ओळी, कागद वळवला की ३ ठिपक्यांच्या ५ ओळी. ठिपका एकही हलला नाही.

वर-खाली कमानींचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. वर तीनच्या, खाली चारच्या कमानी काढा. १२ वर भेटतात, २४ वर भेटतात. पुढे लसावि शिकताना हेच चित्र उपयोगी पडतं.

चौकटीची वही

छान चाललंय. एक अडचण : उत्तर बरोबर येतं, कमानीही बरोबर, पण मूल प्रत्येक कमानीच्या आतली घरं एक-एक करून मोजतं. याला गुणाकार म्हणायचं का?

शून्यापासून

नाही. ती मोजणीच आहे, कमानी नंतर सजावट म्हणून काढलेल्या. बरोबर उत्तरामागे लपते म्हणून ही सगळ्यांत जास्त काळ टिकणारी चूक आहे.

तोडायचे दोन मार्ग. पहिला, पट्ट्या. जाड कागदाच्या ४ सेंटिमीटर लांबीच्या पाच-सहा पट्ट्या कापा, आणि रेघेवर एकापुढे एक ठेवायला लावा. आता आत मोजायला काही नाही, चार ही एकसंध वस्तू झाली. मात्र काप नीट हवेत. प्रत्येक पट्टी दोन मिलिमीटरने लांब असली तर पाच पट्ट्यांनंतर पूर्ण एका घराचा फरक पडतो आणि मूल प्रामाणिकपणे २१ वाचतं. घर २ सेंटिमीटरचं आणि पट्ट्या ८ सेंटिमीटरच्या ठेवल्या तर एवढ्याच चुकीने अर्ध्या घराचा फरक पडतो. (मोजपट्टी वापरत असाल तर शून्य कुठे आहे ते दाखवा. बऱ्याच पट्ट्यांवर ते कडेपासून थोडं आत असतं, आणि मुलं कडेपासून मोजतात.)

दुसरा मार्ग, मधल्या खुणा हळूहळू काढून टाकणं. आधी सगळ्या खुणा आणि सगळे आकडे. मग सगळ्या खुणा, पण आकडे फक्त ०, ५, १०, १५, २०. मग फक्त दहाच्या खुणा. शेवटी रिकामी रेघ.

अर्धविराम

रिकाम्या रेघेवर थोडं सविस्तर, कारण खरी मजा तिथेच आहे. ही कल्पना नेदरलँड्समधल्या गणितशिक्षणातून पुढे आली. रेघेवर आधी काहीच नसतं, फक्त डावीकडे शून्य. पोहोचलेली ठिकाणं तेवढी मुलाने लिहायची. मापाला काटेकोर असायची गरज नाही, पण मोठी उडी मोठी दिसली पाहिजे.

७ × ६ येत नाही? सातच्या पाच उड्या ३५, हे पाठ असतंच. एक मोठी कमान ० ते ३५, वर "५ उड्या" लिहा. मग सातची एक छोटी, ४२. ८ × ७ साठी दुप्पट करत जा : २ उड्या १६, ४ उड्या ३२, आणखी २ उड्या ४८, आणखी एक ५६. १४ × ६ साठी दहाच्या सहा उड्या ६०, चारच्या सहा उड्या २४, मिळून ८४. पुढे कंस सोडवण्याचा जो नियम शिकवतात तो हाच आहे.

नऊच्या बाबतीत एक नेहमीची घसरण. ६ × ९ : सहाच्या दहा उड्या ६०, एक जास्त झाली, मागे या. किती मागे? मुलं ९ मागे येतात आणि ५१ म्हणतात, किंवा १ मागे येऊन ५९. जास्त झालेली *उडी* एक आहे, पण ती उडी *सहाची* आहे. ५४. इथे "मागे ये" असं न म्हणता "शेवटची उडी परत घे" म्हणा, म्हणजे तिची लांबी आठवते.

या टप्प्यावर प्रत्येक कमान वेगळी काढायचा आग्रह धरू नका. ७ × ८ ला आठ कमानी काढणाऱ्या मुलाला मी थांबवेन आणि विचारेन, यातल्या कुठल्या उड्या तुला आधीच माहीत आहेत?

गुण्यगुणक

शून्याचं विसरू नका. ४ × ० ला बरीच मुलं ४ म्हणतात, कारण ती मनातल्या मनात चारवर उभी राहून सुरुवात करतात. बोट आधी शून्यावर ठेवायची सक्ती असेल तर उडीच मारली नाही म्हणून बोट तिथेच राहतं. ० × ४ वेगळं : जागच्या जागी चार उड्या. मुलांना हे भारी आवडतं, जमिनीवर करून घ्या.

तिरपी रेघ

२००८ मध्ये कीथ डेव्हलिन या गणितज्ञांनी "गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली बेरीज नव्हे" असं लिहिलं होतं आणि त्यावर शिक्षकांत मोठा वाद झाला होता. मग उड्यांनी आपण चुकीचंच शिकवतोय की काय?

अर्धविराम

आक्षेपात तथ्य आहे, पण त्यासाठी उड्या टाकून द्यायची गरज नाही. अडचण अशी की उड्या मोजायच्या तर त्यांची संख्या पूर्ण हवी. ½ × ६ म्हणजे अर्ध्याच्या सहा उड्या, ठीक. ६ × ½ म्हणजे सहाची अर्धी उडी, ओढूनताणून जमतं. ½ × ⅓ ला उडीची भाषा थकते. तिथे आयताचं क्षेत्रफळ घ्या.

गुणाकार म्हणजे उड्या नव्हे, तर ताणून अमुक पट मोठं करणं, ही कल्पना रेघेवरच दाखवायची असेल तर रुंद इलॅस्टिक घ्या. न ताणता १ सेंटिमीटरवर खुणा करा, ० ते ५. शून्य दाबून धरा आणि इलॅस्टिक ताणून त्यावरची १ ची खूण खालच्या रेघेवरच्या ३ वर आणा. २ ची खूण ६ वर गेली, ३ ची ९ वर. सगळ्या खुणा एकदम तिप्पट झाल्या, उडी कुणीच मारली नाही. इलॅस्टिक सगळीकडे सारखं ताणलं जाणारं हवं, आणि तीनपटीपर्यंत ताण सोसणारं. कपड्यांच्या साध्या नाडीवाल्या इलॅस्टिकचा दोनपटीला जीव जातो. मग दुपटीवरच थांबा.

चौकटीची वही

भागाकाराला याच रेघेवर उलट्या उड्या मारतात. त्यातही काही खाचखळगे?

शून्यापासून

एक मोठा. १४ ÷ ४ ला १४ वरून मागे उड्या मारल्या तर मूल १०, ६, २ वर उतरतं. हे आकडे चारच्या पाढ्यात नाहीत, त्यामुळे पाढा येत असूनही उपयोग शून्य, प्रत्येक वेळी वजाबाकी करावी लागते. शून्यावरून पुढे जा : ४, ८, १२. तीन उड्या, १४ ला पोहोचायला २ कमी, म्हणजे बाकी २. उत्तर तेच, पण पाढा कामाला आला. मागच्या उड्या फक्त भागाकाराचा वजाबाकीशी संबंध दाखवायला, एखाद-दुसऱ्या उदाहरणापुरत्या. आणि हे "१४ मध्ये ४ किती वेळा" यासाठीच. "१४ गोट्या ४ जणांना वाटा" याला रेघ नको, गोट्याच वाटा.

पाढेवाली

पुढच्या वर्गांसाठी एक राहिलं. ०.३ × ४ ला हमखास येणारं उत्तर ०.१२. कारण तोंडाने "तीन, सहा, नऊ, बारा" चालू असतं आणि पुढे "शून्य पूर्णांक" चिकटवलेलं असतं. ० ते २ ची रेघ आखा, प्रत्येक एककाचे दहा भाग, एक भाग १ सेंटिमीटर. उड्या ०.३, ०.६, ०.९, आणि चौथी १ च्या खुणेवरून पलीकडे जाते. मग मुलालाच ०.१२ रेघेवर शोधायला सांगा. ते ०.१ च्या जरासं पुढे सापडतं, म्हणजे पहिल्या उडीच्याही अलीकडे. चार उड्या पुढे मारून मूल मागे कसं आलं, याचं उत्तर त्यालाच देऊ द्या.